भिडेचे पाच स्टार

रात्री साडेअकराला वॉशिंग मशीनखालून पाण्याची बारीक धार निघाली आणि फरशीच्या उतारानं थेट दारापर्यंत आली. जुनं फडकं टाकून मी तिथंच स्टुलावर बसले आणि फोनवर दुरुस्तीवाले शोधायला लागले. अशा वेळी माणूस विचार करत नाही, आकडे बघतो. ४.६, ४.९, ४.८. त्या ४.८च्या खाली मराठीत एक रिव्ह्यू होता : ‘वेळेवर आले. बोलणं नम्र. काम व्यवस्थित. बोलवायला हरकत नाही.’ मला तो आवडला. ‘अप्रतिम’, ‘सर्वोत्तम’ असलं काही नव्हतं, उद्गारचिन्हं नव्हती. कुणा शहाण्या माणसानं लिहिलेला दिसतो, असं वाटलं. मग वरचं नाव पाहिलं. माझंच होतं.

सात आठवड्यांपूर्वीचा रिव्ह्यू. आणि आत्ता गळत होतं ते त्याच दुरुस्तीनंतरचं मशीन.

त्या दिवशीचं सगळं आठवलं. विशी-बाविशीचा मुलगा. त्यानं मशीन पुढे ओढलं, मागचा पाईप आवळला, रिकामं मशीन दोन मिनिटं फिरवून दाखवलं. थेंबभर पाणी आलं नाही. मी पैसे दिले. मग तो हात पुसत दारात थांबला. “ताई, पाच स्टार द्याल ना? चार दिले तरी आमचं रेटिंग खाली जातं, मग कामं कमी येतात.” फोन माझ्या हातात, तो समोर. पाच दाबायला कितीसा वेळ लागतो? मग चौकट आली, ‘आपला अनुभव लिहा’. तेही लिहिलं, तो बूट घालत असताना.

आता यात खोटं काय होतं? तो वेळेवर आला होता. नम्र होता. ‘काम व्यवस्थित’ एवढं मात्र मला ठाऊक नव्हतं. ते कळायला कपड्यांनी भरलेलं मशीन दोन-चार वेळा तरी फिरायला हवं होतं. तेवढं न थांबता मी निकाल देऊन टाकला, कारण तो माणूस दारात उभा होता.

भीड भिकेची बहीण, असं म्हणतात. भिडेपायी माणूस स्वतः कंगाल होतो, हा त्या म्हणीचा अर्थ. रिव्ह्यूच्या बाबतीत ती जरा वेगळी लागू पडते. भीड माझी, भुर्दंड मात्र पुढे कधीतरी तो रिव्ह्यू वाचणाऱ्या अनोळखी माणसाला. या वेळी ते अनोळखी माणूस मीच निघाले, एवढाच योगायोग.

ऑनलाइन रिव्ह्यूंवर विश्वास ठेवावा का, असा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे भामटे येतात. पैसे घेऊन खोटं लिहिणाऱ्या टोळ्या, स्वतःच्याच दुकानाची आरती ओवाळणारे मालक. ते नाहीत असं नाही. २०१३ साली न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयानं त्यांना पकडायला मोठी मजेशीर युक्ती केली. तपास करणारे म्हणाले, आमचं ब्रुकलिनमध्ये योगर्टचं दुकान आहे, लोक वाईट लिहितात, काही करता येईल का? दुकान अर्थातच नव्हतं. पण इंटरनेटवर ‘प्रतिमा सुधारून’ देणाऱ्या कंपन्यांनी बिनदिक्कत रेट सांगितले. फिलिपाइन्स, बांगलादेश, पूर्व युरोप अशा ठिकाणी बसलेले लोक एका रिव्ह्यूला एक ते दहा डॉलर घेऊन लिहीत होते. अखेर १९ कंपन्यांना मिळून साडेतीन लाख डॉलरहून जास्त दंड झाला. मोहिमेचं नाव होतं ‘ऑपरेशन क्लीन टर्फ’. टर्फ म्हणजे हिरवळ, आणि खोट्या लोकमताला इंग्रजीत कृत्रिम हिरवळीचंच नाव आहे. लांबून बघितलं तर छान हिरवं, हात लावला की प्लास्टिक.

इटलीत तर २०१८ मध्ये लेच्चेच्या न्यायालयानं असले रिव्ह्यू विकणाऱ्या एकाला नऊ महिन्यांची कैद सुनावली. आणि त्याच्या कितीतरी आधी, २००४ मध्ये, ॲमेझॉनच्या कॅनडातल्या साइटवर एक तांत्रिक चूक झाली आणि टोपणनावांनी लिहिणाऱ्यांची खरी नावं काही दिवस उघडी पडली. पाहतात तो काय, काही लेखक स्वतःच्याच पुस्तकांवर कौतुकाचा वर्षाव करत होते. मला त्या लेखकांचा फार राग येत नाही, खरं सांगायचं तर. पुस्तक लिहून झाल्यावर जी भयाण शांतता पसरते, तिच्यात माणूस काय काय करेल सांगता येत नाही.

पण सगळ्यात जास्त मी ज्या गोष्टीवर रेंगाळते ती लंडनमधली. ऊबा बटलर नावाचा एक तरुण. पूर्वी रेस्टॉरंटांसाठी पैसे घेऊन खोटे रिव्ह्यू लिहिलेले, त्यामुळे धंदा आतून माहीत. २०१७ मध्ये त्यानं आपण राहत असलेल्या बागेतल्या शेडचं ट्रिपॲडव्हायझर या हॉटेल-रेस्टॉरंटांच्या रिव्ह्यू साइटवर रेस्टॉरंट म्हणून नाव नोंदवलं, ‘द शेड ॲट डलिच’. पदार्थांचे फोटो टाकले, ते बनवले होते दाढीच्या फेसापासून आणि भांडी धुण्याच्या गोळ्यांपासून. एका फोटोत तर अंडं चक्क त्याच्या पावलावर ठेवलेलं होतं. मित्रांकडून रिव्ह्यू लिहून घेतले. फोन आला की सांगायचं, पुढचे कित्येक आठवडे जागा नाही. १८ हजारांहून अधिक नावांच्या यादीत अगदी तळाशी सुरू झालेलं हे नसलेलं रेस्टॉरंट नोव्हेंबरमध्ये लंडनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं.

इथवरची गोष्ट अनेकांनी ऐकलेली असते आणि साइट किती बावळट, म्हणून हसून लोक ती सोडून देतात. मला तिचा शेवट महत्त्वाचा वाटतो. बटलरनं एका रात्रीपुरतं ते रेस्टॉरंट खरोखर उघडलं. दुकानातून आणलेलं स्वस्तातलं तयार जेवण गरम केलं, वर थोडी सजावट केली आणि पाहुण्यांपुढे ठेवलं. त्यांतल्या काहींनी निघताना विचारलं, पुन्हा यायचं तर बुकिंग मिळेल का?

म्हणजे तो क्रमांक लोकांना दारापर्यंत आणून थांबला नाही, त्यांच्या जिभेवर जाऊन बसला. त्या पाहुण्यांनी घरी जाऊन पाच स्टार दिले असते, तर तो रिव्ह्यू खोटा म्हणायचा की खरा? माणूस खरा, जेवण खरं, समाधानही खरंच.

याच्याशी जुळणारा एक प्रयोग २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. एका साइटवरच्या लाखभर प्रतिक्रियांपैकी काहींना संशोधकांनी, कसलंही कारण नसताना, प्रतिक्रिया येताक्षणी एक पसंती देऊन टाकली. फक्त एक. तेवढ्यानं त्या प्रतिक्रियांची शेवटची गुणसंख्या सरासरी २५ टक्क्यांनी वाढली. उलट, विनाकारण एक नापसंती दिली तर पुढच्या लोकांनी ती भरून काढली. चांगलं म्हणणाऱ्याच्या मागे आपण मुकाट्यानं जातो, वाईट म्हणणाऱ्याला मात्र अडवून विचारतो. मला यातही भीडच दिसते, यावेळी समोर उभ्या नसलेल्या गर्दीची.

खोटं ओळखता येतं का? आपल्याला वाटतं, येतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये शिकागोतल्या २० हॉटेलांचे ४०० रिव्ह्यू पैसे देऊन मुद्दाम खोटे लिहून घेतले आणि ४०० खऱ्यांबरोबर ठेवले. माणसांना ओळखायला सांगितलं, तर छापा-काटा केल्यापेक्षा फारसं बरं कुणाला जमलं नाही. संगणकाला शिकवल्यावर त्यानं मात्र नव्वदाच्या आसपास टक्के बरोबर सांगितले. त्यातून निघालेला फरक मला फार आवडतो. खोटं लिहिणारा ‘मी’ जास्त म्हणतो, ‘सर्वात’ जास्त म्हणतो, आपण कुणाबरोबर, कशासाठी आलो ते सांगतो. खरा माणूस जागेबद्दल बोलतो : बाथरूम, मजला, खोली लहान. जो तिथं गेलेलाच नाही, त्याला जागा कशी रचता येणार?

त्या कसोटीवर माझा रिव्ह्यू लावून पाहा. ‘मी’ एकदाही नाही. ‘सर्वोत्तम’ नाही. माणूस खरा, पैसे दिलेले, भेट खरी. जगातली कुठलीही चाळणी त्याला पकडणार नाही. गूगलनं २०२३ या एका वर्षात नियमांत न बसणारे १७ कोटी रिव्ह्यू अडवले किंवा काढले. माझा त्यात नव्हता, असायचं कारणही नव्हतं. आणि आता तर यंत्रंच रिव्ह्यू लिहायला लागल्यामुळे जुने ठोकताळेही गेले. पूर्वी भाषा गडबडलेली दिसली की संशय यायचा, हल्ली ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दिसल्या की मला हायसं वाटतं.

या सगळ्याच्या मुळाशी पैसा आहे, हे काही नव्यानं सांगायला नको. तो किती, याचा एक बरा अंदाज हार्वर्डच्या मायकल लुका यांच्या अभ्यासात मिळतो. सिॲटलमधल्या रेस्टॉरंटांच्या उत्पन्नाचे आकडे आणि येल्प या रिव्ह्यूंच्या साइटवरचे तारे त्यांनी शेजारी ठेवले. एक तारा वाढला की उत्पन्न पाच ते नऊ टक्के वाढत होतं, तेही फक्त स्वतंत्र, एकट्या-दुकट्या रेस्टॉरंटांचं. साखळी रेस्टॉरंटांना काही फरक पडत नव्हता, कारण तिथं काय मिळणार हे लोकांना आधीच ठाऊक असतं. म्हणजे ताऱ्यांवर सगळ्यात जास्त पोट अवलंबून असतं ते लहान माणसाचं. खोटं करायचा मोहही त्यालाच जास्त, आणि शेजाऱ्यानं केलेल्या खोट्याचा फटकाही त्यालाच. हॉटेलांबद्दलच्या दुसऱ्या एका अभ्यासात, २०१४ च्या, दोन प्रकारच्या साइट ताडून पाहिल्या होत्या. एकीकडे खोली घेतलेल्यालाच लिहिता येतं, दुसरीकडे कुणालाही. जिथं कुणालाही लिहिता येतं तिथं एकल मालकांच्या हॉटेलांच्या शेजारच्या हॉटेलांना वाईट रिव्ह्यू जास्त पडलेले दिसले. शेजारधर्म!

साइट स्वतः कुठून कमावते, हेही बघावं लागतं. वाचणारा पैसे देत नाही. ज्यांच्याबद्दल वाचायचं तेच धंदेवाले जाहिरातीचे किंवा वर्गणीचे पैसे देतात. जाहिरात घेतली नाही म्हणून चांगले रिव्ह्यू गायब केले, असा आरोप करत काही व्यावसायिक येल्पविरुद्ध अमेरिकेत कोर्टात गेले होते. येल्पनं तो नाकारला, आणि २०१४ मध्ये अपील कोर्टानं म्हटलं की आरोपात म्हटलंय तसं घडलं असं धरलं तरी ती कायद्यानं खंडणी ठरत नाही. निकाल कायद्याला धरून असेलही. पण वाचणाऱ्यानं त्यातून काय घ्यायचं? न्याहाळत राहायचं, दुसरं काय. आणि साइट सोडा, विक्रेत्याच्या स्वतःच्या पानावर तर न छापलेलंच जास्त बोलकं असतं. फॅशन नोव्हा या कपडे विकणाऱ्या कंपनीनं चारपेक्षा कमी तारे असलेले रिव्ह्यू आपल्या साइटवर येऊच दिले नाहीत, असा ठपका अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं ठेवला आणि २०२२ मध्ये ते प्रकरण ४२ लाख डॉलरला मिटलं. तिथं छापलेला प्रत्येक शब्द खऱ्या गिऱ्हाइकाचा असेल. पान मात्र खोटं.

कायदे झाले आहेत, होत आहेत. युरोपीय संघात २०२२ पासून रिव्ह्यू खऱ्या गिऱ्हाइकाचे आहेत याची खातरजमा करता का, कशी करता, ते सांगावं लागतं. त्याच वर्षी भारतीय मानक ब्युरोचं ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीचं मानक, आयएस १९०००, आलं, ते ऐच्छिक. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून खोटे रिव्ह्यू विकणं-विकत घेणं नियमानं बंद झालं, ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून. चांगलं आहे. दारात बूट घालणाऱ्या मुलापुढे पाच दाबणाऱ्या बाईबद्दल यातला कुठलाही कायदा काही म्हणत नाही, आणि म्हणूही नये.

या भिडेवर कायद्याआधी इलाज शोधला तो बाजारवाल्यांनीच. ईबे या ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या साइटवर सुरुवातीपासून खरेदीदार विक्रेत्याला गुण द्यायचा आणि विक्रेता खरेदीदाराला. न्याय्य वाटतं. झालं असं की विक्रेते आधी गप्प बसायचे. गिऱ्हाइकानं वाईट लिहिलं की उलट तेही वाईट लिहायचे. मग गिऱ्हाईक लिहिण्याआधी दहादा विचार करायचं आणि सगळीकडे गोडीगुलाबी नांदायची. २००८ मध्ये ईबेनं विक्रेत्यांचा वाईट शेरा मारायचा हक्कच काढून घेतला. घरं-खोल्या भाड्यानं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीनं २०१४ मध्ये वेगळी वाट काढली : पाहुणा आणि घरमालक दोघांनी लिहिल्याशिवाय, नाहीतर १४ दिवसांची मुदत संपल्याशिवाय, एकाचं दुसऱ्याला दिसणारच नाही. दोन्हींचा हेतू एकच, समोरच्याचा चेहरा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढून काढायचा. पण ज्याच्या घरात रात्र काढली, ज्याच्याशी सकाळी गप्पा मारल्या, त्याच्याबद्दल लिहिताना तो चेहरा पडद्यामुळे जातो थोडाच?

आणि जे लिहीतच नाहीत त्यांचं काय? रिव्ह्यूंचे आकडे मांडले की बहुतेक ठिकाणी इंग्रजी ‘J’ या अक्षरासारखी आकृती निघते. पाच तारेवाल्यांचा उंच मनोरा, एक तारेवाल्यांची छोटी टेकडी, मधे खड्डा. खूश झालेला लिहितो, संतापलेला लिहितो. ठीकठाक काम झालेला माणूस कामाला लागतो. जगातली बहुतेक कामं ठीकठाकच होत असणार, पण त्यांची नोंद नाही. या असल्या आकड्यांची सरासरी काढून दशांश चिन्हापुढे एक अंक देणं, हा मला थोडा विनोदच वाटतो. २०१६ मध्ये बाराशेहून जास्त वस्तूंचे ॲमेझॉनवरचे तारे प्रयोगशाळेत झालेल्या चाचण्यांच्या गुणांशी ताडून पाहिले गेले, तेव्हा दोघांचा मेळ फारच कच्चा निघाला. मी तरी ४.६ आणि ४.८ यांतला फरक आता वाचत नाही. तिथं एवढंच वाचते की मागणाऱ्यांपैकी कुणाला नीट मागता येतं.

त्या रात्री मग मी तीन तारे शोधायला लागले. तीन तारे भिडेखातर कुणी देत नाही, त्यांचा कुणाला उपयोग नसतो. एकूण नऊच रिव्ह्यू असलेल्या एका दुरुस्तीवाल्याच्या पानावर ते सापडले. ‘दोनदा फोन करावा लागला. दुसऱ्या दिवशी उशिरा आले. पंपाची जाळी काढून आतली टाचणी दाखवली. जुना पार्ट न मागता हातात दिला.’ टाचणी वाचली आणि मी फोन लावला.

तोही दुसऱ्या दिवशी उशिराच आला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. मागच्या पाईपला त्यानं हातही लावला नाही. दार उघडून आतलं गोल रबर बोटानं फिरवत गेला आणि खालच्या बाजूला थांबला. चीर होती. भरलेलं मशीन जोरात फिरलं की तिच्यातून पाणी यायचं, रिकामं फिरवलं की नाही. नवीन रबर बसवलं, जुनं माझ्या हातात ठेवलं. मशीन भरायला लावलं आणि पूर्ण फिरेपर्यंत जमिनीवर बसून राहिला.

मग मी माझा जुना रिव्ह्यू बदलायला घेतला. दोन तारे द्यावेत असं मनात होतं. पण मी देणार ते दोन तारे नक्की कुणाला? त्या मुलाला दिवसाला न झेपणारी कामं लावणाऱ्या मालकाला ते लागणार नव्हते, त्या मुलाला लागले असते. एकच तारा दोन कामं करतो, हा सगळा घोळ तिथं आहे. वाचणाऱ्यासाठी ती साक्ष असते आणि काम करणाऱ्यासाठी पगाराची चिठ्ठी. शेवटी तीन दिले आणि लिहिलं : ‘गळती सात आठवड्यांनी परत सुरू. पाईप आवळला, दाराचं रबर तपासलं नाही. मुलगा वेळेवर आला होता.’ दोन मिनिटांत खाली उत्तर, ‘आपल्या बहुमोल अभिप्रायाबद्दल आभारी आहोत’. आधीच्या पाच ताऱ्यांखालीही हेच वाक्य होतं.

तिसऱ्या दिवशी त्या पहिल्या दुरुस्तीवाल्यांच्या ऑफिसातून फोन आला. बाई फार गोड बोलत होत्या. पुढची सर्व्हिस मोफत, तेवढा रिव्ह्यू काढता का? ‘नाही’ असं स्वच्छ म्हणायचं ठरवून मी तोंड उघडलं आणि “बघते हं” म्हणाले. रिव्ह्यू काढला नाही. पण ‘नाही’ही म्हणाले नाही, आणि त्यांचा दुसऱ्यांदा फोन आला तो उचलला नाही.

मशीन गळत नाही. त्या पन्नाशीच्या माणसानं जाताना काहीच मागितलं नव्हतं, बूट घालून सरळ निघून गेला होता. परवा सहज त्याचं पान उघडलं. अजून नऊच रिव्ह्यू आहेत. माझा त्यात नाही.